मतदाराच्या पाठिंब्याला मुदत किती?

निवडणूक जवळ आली की वृत्तपत्राच्या कचेरीत एका शब्दाची आवक एकाएकी वाढते. तो शब्द म्हणजे ‘पाठिंबा’. अमुक ज्ञातिसंस्थेचा पाठिंबा, तमुक टॅक्सीचालक संघटनेचा पाठिंबा, एखाद्या माजी सरपंचांचा ‘शेकडो कार्यकर्त्यांसह’ पाठिंबा. उपसंपादकाच्या मेजावर ही पत्रके येतात, त्यांतले शुद्धलेखन सुधारले जाते, ‘जाहीर’ आणि ‘बिनशर्त’ ही विशेषणे शक्यतो कापली जातात आणि बातमी लागते. दुसऱ्या दिवशी त्याच संस्थेच्या दुसऱ्या गटाचे पत्रक येते. संस्थेने कोणालाही पाठिंबा दिलेला नाही, अध्यक्षांनी व्यक्त केले ते त्यांचे वैयक्तिक मत होय, असा खुलासा त्यात असतो. ‘वैयक्तिक मत’ हे शब्द तेथे आरोपासारखे वापरलेले असतात. ही पत्रके हातावेगळी करताना मला याचेच नवल वाटत आले आहे. ज्या व्यवहारात अखेर एकेकाचे वैयक्तिक मतच मोजले जाते, तेथे पाठिंबा वैयक्तिक असणे हा दोष कसा ठरतो?

प्रस्तुत लेख त्या वैयक्तिक पाठिंब्याविषयीच आहे. पत्रक न काढता, हार न घालता एका मतदाराने दुसऱ्याला ‘याला मत दे’ असे सांगणे, एवढाच त्याचा अर्थ. त्याची बातमी होत नाही आणि उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबातही तो धरला जात नाही. परंतु गोव्यात त्याचे वजन किती आहे, ते आकडेच सांगतात. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत सांत आंद्रे मतदारसंघातून रिव्होल्युशनरी गोवन्सचे वीरेश बोरकर ७६ मतांनी निवडून आले. फोंड्यात रवी नाईक ७७ मतांनी विजयी झाले. प्रियोळात गोविंद गावडे यांचे मताधिक्य २१३ होते, पणजीत बाबूश मोन्सेरात यांचे ७१६, आणि साखळीत खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांचे ६६६. राज्यात सुमारे साडेअकरा लाख मतदार आणि ४० मतदारसंघ, म्हणजे एका आमदारामागे सरासरी २९ हजारांच्या आसपास नावे. शेजारच्या महाराष्ट्रात हीच सरासरी तीन लाखांच्या वर जाते. तेथे एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या किंवा भजनी मंडळाच्या बुवांच्या शब्दाने निकाल फिरणे अवघड. फोंड्यात मात्र ३९ जणांनी मन बदलले असते तर आमदार बदलला असता. एवढी माणसे आमच्याकडे एका सत्यनारायणाला जमतात.

परदेशातील काही वृत्तपत्रे अग्रलेखातून उमेदवाराला पाठिंबा जाहीर करतात. आपल्याकडे ती प्रथा रुजली नाही. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने पाठिंबा न देण्याचे ठरवले तेव्हा तेथे मोठा गहजब झाला आणि अनेक वाचकांनी वर्गणी बंद केली. ती बातमी मराठीत करताना कचेरीतल्या आम्हा मंडळींना थोडे हसूही आले. आमच्या वाचकाला वृत्तपत्राने कोणाची बाजू घेतली आहे ते अग्रलेखाशिवायच कळते, आणि मत कोणाला द्यावे हे तो तरीही आपल्या घरी ठरवतो.

घरी ठरवतो, म्हणजे कोणाला तरी विचारून ठरवतो. आमच्या घरी २०२२ साली मला विचारले गेले. वृत्तपत्रात काम करणाऱ्याला आतले काही ठाऊक असते, असा नातेवाइकांचा समज असतो आणि तो मोडण्याचे धैर्य आपल्याला होत नाही. मी तीन घरांत एक नाव सांगितले. एक काकीचे घर, दुसरे शेजारी राहणाऱ्या निवृत्त मास्तरांचे, आणि तिसरे एका मामेबहिणीचे, जी त्या वर्षी पहिल्यांदा मत देणार होती. ते नाव आणि माझा मतदारसंघ मी येथे मुद्दाम लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

मी ते नाव सांगितले, त्यामागे एक घटना होती. २२ जानेवारी २०२२ रोजी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसाकडे आणि बेतीच्या दर्ग्यात नेले व निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. त्यापूर्वीच्या विधानसभेत त्या पक्षाची जी वाताहत झाली होती, तिच्यावरचा हा उपाय होता. पुढे आम आदमी पक्षानेही आपल्या उमेदवारांकडून पक्षांतर न करण्याची प्रतिज्ञापत्रे लिहून घेतली. शपथेच्या त्या बातमीला मथळा देताना मी उपहासाच्या फार जवळ गेलो होतो आणि वरिष्ठांनी तो बदलला. पण घरी आल्यावर काकीने ते दृश्य दूरचित्रवाणीवर पाहिले होते आणि ती म्हणत होती की देवळात उभा राहून बोललेला माणूस सहसा शब्द मोडायचा नाही. मी तिला होकार दिला. माझा त्या शपथेवर पुरता विश्वास होता असे नाही. मात्र तिचा आहे, आणि तिच्यासारख्या हजारोंचा आहे, हे त्या उमेदवारालाही ठाऊक असणार. तेवढा धाक पुरेल, असे मला वाटले.

१४ फेब्रुवारीला मतदान झाले, १० मार्चला निकाल लागला. भाजपला २० आणि काँग्रेसला ११ जागा मिळाल्या. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला त्या अकरांपैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. त्यांत माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत होते, मायकल लोबो होते, आणि मी तीन घरांत सांगितलेले नावही होते. संध्याकाळी काकीचा फोन आला. ती रागावली नव्हती. तिने एवढेच विचारले, “तुवेंच सांगिल्लें न्हय रे?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. मी सांगितले होते, हे खरेच होते. मत देऊन गप्प बसलेला मतदार अशा वेळी स्वतःशीच चरफडतो. ज्याने इतरांना नाव सांगितले, त्याची स्थिती जामीनदारासारखी होते. मूळ ऋणको पसार झाला की वसुलीवाले जामीनदाराच्या दारात येतात, तशी.

त्या दिवसांत कामत यांनी असे सांगितले होते की, आपण पुन्हा देवळात गेलो, देवापुढे सगळे मांडले आणि जे योग्य वाटेल ते कर अशी अनुज्ञा मिळाली. या विधानाची राज्यभर टवाळी झाली. मला ते टवाळीचे वाटले नाही, कारण गोव्यात देवाला विचारण्याची एक रीत आहे आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे. मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा कळ्या लावतात, गाऱ्हाणे घातले जाते, प्रश्न मोठ्याने उच्चारला जातो, आणि उजवीकडची पडते की डावीकडची याकडे सारे डोळे लावून बसतात. हाच कौल. त्यात प्रश्न आधी सांगितला जातो, तो चारचौघांत सांगितला जातो, आणि डावा कौल झाला तर काम थांबते. एकट्याने गाभाऱ्यासमोर उभे राहून मिळवलेल्या अनुज्ञेला कोणत्याही देवस्थानचे महाजन कौल म्हणणार नाहीत. निवडणुकीच्या निकालालाही आपण वृत्तपत्रांत ‘जनतेचा कौल’ म्हणतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तो कौल एकदा घेऊन झाल्यावर दुसरा प्रश्न विचारला गेला आणि या वेळी विचारताना गाभाऱ्यात जनता नव्हती.

आता कायद्याकडे वळू. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात दहावे परिशिष्ट आले. पक्ष सोडणाऱ्या सदस्याची अपात्रता त्यात सांगितली आहे. आरंभी एक तृतीयांश सदस्य फुटले तर त्यांना अभय होते. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ते काढून टाकले, पण दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाची वाट उघडी राहिली. गोव्याने या वाटेचा जो वापर केला आहे तो गणिताच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मार्च २०१९ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तीन आमदारांपैकी दोघे भाजपमध्ये विलीन झाले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा. सप्टेंबर २०२२ मध्ये अकरांपैकी आठ. तीनांचे दोन तृतीयांश दोन, पंधरांचे दहा, आणि अकरांचे सात पूर्णांक एक तृतीयांश, म्हणजे किमान आठ. तिन्ही वेळा जेवढे लागतात तेवढेच, एकही जास्त नाही. वैचारिक मंथनातून माणसे पक्ष बदलतात तेव्हा संख्या इतकी नेमकी येत नाही.

२०१९ च्या पक्षांतरांविरुद्धच्या अपात्रता याचिका सभापतींनी फेटाळल्या. तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी कायम केला. विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी मान्यता दिली की विलीनीकरण झाले असे मानावे, हा अर्थ ग्राह्य धरला गेला. तारीख ध्यानात घ्यावी. मतदान होऊन दहा दिवस झाले होते, यंत्रे मोहोरबंद खोल्यांत होती आणि मोजणीला अजून दोन आठवडे होते. म्हणजे ज्या आमदारांना लोकांनी नुकतेच निवडले होते, पण ज्यांची नावे अजून कोणालाच ठाऊक नव्हती, त्यांना पुढचा मार्ग निर्धोक असल्याचे निकालाच्या आधीच समजले.

दुसरीही एक वाट आहे आणि गोव्याने तीही पाहिली आहे. २०१७ च्या निकालानंतर विश्वजीत राणे यांनी काँग्रेसच्या आमदारकीचा राजीनामा दिला, त्याच वर्षी वाळपईतून भाजपच्या चिन्हावर पोटनिवडणूक लढवली आणि ते जिंकले. २०१८ मध्ये सुभाष शिरोडकर आणि दयानंद सोपटे यांनी असाच राजीनामा दिला. २०१९ च्या पोटनिवडणुकांत दोघेही निवडून आले. शिरोड्यात मात्र मताधिक्य शंभराच्या आत होते. या तिघांच्या निर्णयाविषयी मला आदर वाटतो असे नाही, आणि पोटनिवडणुकीचा खर्च शेवटी लोकांच्याच माथी बसतो हेही खरे. तरीही त्यांनी एक गोष्ट केली. ते मतदाराकडे परत आले, आपण आता दुसरीकडे आहोत असे म्हणाले आणि त्याला पुन्हा एकदा ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची संधी दिली. शिरोड्याच्या मतदारांनी ‘नाही’ जवळजवळ म्हटलेच होते. तेवढ्या धास्तीनंतर त्याच वर्षी जुलैमध्ये दहा जणांनी राजीनाम्याची वाट टाळून बेरजेची वाट धरली. त्यांच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही; क्रम मात्र असा आहे.

मतदार विसरतो, असे राजकीय मंडळी खासगीत म्हणतात. त्या दहांपैकी २०२२ मध्ये तिघेच पुन्हा निवडून आले: बाबूश मोन्सेरात, जेनिफर मोन्सेरात आणि नीळकंठ हळर्णकर. बाकीच्यांना एक तर लोकांनी नाकारले किंवा पक्षाने आधीच बाजूला केले. हिशेब चुकता झाला, पण त्याला अडीच वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तोवर त्या आमदारांतील काहींनी मंत्रिपदे भोगली होती.

‘विलीनीकरण’ हा शब्द गोव्यातल्या मराठी वाचकाच्या कानाला वेगळा लागतो. आमच्या आजोबांच्या पिढीने तो शब्द भिंतींवर रंगवला होता. १६ जानेवारी १९६७ रोजी येथे जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश राहायचे हा प्रश्न होता. फूल हे विलीनीकरणाचे चिन्ह, दोन पाने हे विरोधाचे. तो कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला होता. विलीनीकरणाची बाजू ३४,०२१ मतांनी हरली. एकेका घरात फूल आणि पान दोन्ही होती. भाऊ भावाशी बोलत नव्हते, असे आजोबा सांगत. या वृत्तपत्राच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नव्हती, अनेकांच्या घरी फटाके वाजले होते, आणि ती जखम अजून पुरती भरलेली नाही.

त्या घटनेचा भावनिक भाग बाजूला ठेवून पुढचे पाहिले तर मात्र आश्चर्य वाटते. अवघ्या अडीच महिन्यांनी, मार्चच्या अखेरीस विधानसभेची निवडणूक झाली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच ३० पैकी १६ जागा मिळाल्या. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या लोकांनी त्यांच्या पक्षाची मुख्य मागणी फेटाळली होती, त्यांनीच त्यांच्या हाती राज्य दिले. कुळांना जमिनीचा भरवसा आणि खेड्यांत मराठी शाळा देणारा हा माणूस आहे, त्याला पाठिंबा. महाराष्ट्रात जायला मात्र नाही, असा भेद त्या मतदाराने केला. मी मराठीचा पदवीधर, माझा पोटापाण्याचा धंदाच मराठी. त्या कौलाविषयी माझे घरचे मत काय असेल ते सांगायला नको. पण त्या मतदाराची जाण आजच्या कोणत्याही विश्लेषकापेक्षा कमी नव्हती, हे मान्य करावे लागते. त्याला हा भेद करता आला, कारण त्याला दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले गेले होते. आमच्या पिढीतही विलीनीकरणे झाली, पण ती आम्हाला कोणी विचारली नाहीत.

लोकसभेचे गणित थोडे निराळे आहे. ५४३ खासदारांपैकी गोव्याचे दोन. विधानसभेला आपण ओळखीच्या माणसाला मत देतो, तो वाटेत भेटतो, लग्नाला येतो. लोकसभेला आपण बहुतेकदा दिल्लीतल्या सरकारला मत देतो, आणि उमेदवार हा त्या मताचा टपालवाला असतो. उत्तर गोव्यात श्रीपाद नाईक १९९९ पासून सलग सहा वेळा निवडून आले. २०२४ मध्ये त्यांच्यासमोर रमाकांत खलपांसारखा जुना जाणता नेता होता तरी फरक एक लाखाच्या वर गेला. दक्षिणेत काँग्रेसचे विरियातो फर्नांडिस यांनी भाजपच्या पल्लवी धेंपे यांचा १३,५३५ मतांनी पराभव केला. फर्नांडिस हे नौदलातून निवृत्त झालेले अधिकारी, त्याआधी दाबोळीतून विधानसभा हरलेले. धेंपे या भाजपने गोव्यातून लोकसभेसाठी उभ्या केलेल्या पहिल्या महिला, आणि त्यांच्या प्रतिज्ञापत्रातील मालमत्ता हजार कोटींच्या वर. त्या निकालातली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट नुवे मतदारसंघातली आहे. तेथील आमदार २०२२ मधील आठांपैकी एक, नंतर मंत्री झालेले. लोकसभेला नुवेचे मताधिक्य काँग्रेसकडेच राहिले. आमदार गेला, पण मतदाराने दिलेला पाठिंबा त्याच्याबरोबर गेला नाही.

मात्र लोकसभेच्या उमेदवाराची शिफारस करताना दुसरीच अडचण येते. म्हादईचे उदाहरण घ्या. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये पाण्याचे वाटप ठरवले. डिसेंबर २०२२ मध्ये कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या सुधारित आराखड्याला केंद्रीय जल आयोगाची मंजुरी मिळाली. दोन्ही राष्ट्रीय पक्षांची गोव्यातील मंडळी या प्रकल्पाविरुद्ध बोलतात आणि त्याच दोन्ही पक्षांची बेळगाव-हुबळीकडील मंडळी त्याच्या बाजूने बोलतात. बेळगाव-खानापूरचे आमचे वाचक हे दोन्ही आवाज एकाच दिवशी वाचतात. अशा स्थितीत ‘म्हादईसाठी याला मत द्या’ असे मी काकीला कोणत्या तोंडाने सांगावे? उमेदवार प्रामाणिक असेलही, पण त्याच्या पक्षाने नदीच्या दोन्ही काठांवर वेगवेगळा शब्द दिलेला आहे. म्हणून २०२४ मध्ये मी कोणालाही नाव सांगितले नाही. काकीने विचारले, मी टाळले. तिने मत दिलेच. राज्यात सुमारे ७६ टक्के मतदान झाले, ते काही माझ्यावाचून अडले नाही.

आता नावे न लिहिण्याचे कारण. मतदानाची गुप्तता हा मतदाराचा अधिकार आहे, त्याच्यावरचे बंधन नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२८ गुप्तता राखण्याची सक्ती करते ती अधिकारी, कर्मचारी आणि प्रतिनिधींवर. कलम ९४ प्रमाणे मत कोणाला दिले हे सांगण्याची जबरदस्ती कोणावरही करता येत नाही. आपण होऊन सांगायला मनाई नाही. (केंद्रात भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून मिरवणे हा वेगळा प्रकार, तो गुन्हा आहे.) अडचण कायद्याची नसून मोजणीची आहे. यंत्रांतील मते केंद्रनिहाय मोजली जातात आणि केंद्रनिहाय जाहीरही होतात. गोव्यात सतराशेहून अधिक मतदान केंद्रे आहेत, म्हणजे एका केंद्रावर सरासरी सातशेच्या आत मतदार. आमच्या वाड्याने कोणाला किती मते दिली हे निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक उमेदवाराला आकड्यानिशी कळते. मग पथदीप कोणत्या वाड्यावर बंद पडतो आणि हंगामी नोकरीची यादी कोणत्या वाड्यावरून वगळली जाते, हे योगायोग म्हणून सोडून द्यायचे. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांतील मतपत्रिका एकमेकींत मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रांतील मतांचीही अशी एकत्र बेरीज करणारे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला आणि विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने त्यास अनुकूलता दाखवली नाही. मी येथे नाव छापले तर माझे काही बिघडणार नाही, मी शहरात खोली घेऊन राहतो. पण आडनावावरून वाडा ओळखणे गोव्यात कठीण नाही, आणि काकीच्या घरासमोरचा दिवा त्याच वाड्यावर आहे.

याच्या उलट तऱ्हा आमदारांची. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाच्या आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवली पाहिजे, असा २००३ पासूनचा नियम आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो उचलून धरला. पक्षाशी इमान तपासण्याची एवढी कडेकोट व्यवस्था आपण केली. मतदाराशी इमान तपासायला मात्र पाच वर्षांनी येणारा एक दिवस.

मग मतदाराने काय करावे? यावर निवडणूक सुधारणांच्या परिसंवादांत पुष्कळ उत्तरे मिळतात. दहाव्या परिशिष्टातील विलीनीकरणाची पळवाट बुजवावी, अपात्रतेचा निर्णय सभापतींकडून काढून घ्यावा, पक्ष बदलला की राजीनामा आपोआप व्हावा. ती सगळी मला मान्य आहेत. पण ती आमदार-खासदारांनीच करायची आहेत, आणि आपल्याच पायवाटेवर ते कुंपण घालतील अशी अपेक्षा मी तरी येत्या विधानसभेपर्यंत धरत नाही. ती निवडणूक २०२७ च्या आरंभी अपेक्षित आहे. तोवर माझ्या हाती एवढेच आहे की शिफारस करायची तर अटीवर करायची.

पक्ष बदलूच नये अशी अट मी घालणार नाही. त्याची शपथ तीन धर्मस्थळांत घेऊन झाली. माझी अट साधी आहे: पक्ष बदलायचा झाला तर आधी राजीनामा द्याल का, आणि पुन्हा माझ्या वाड्यावर येऊन मत मागाल का? ही अट सर्व पक्षांच्या उमेदवारांना सारखीच लागू. ज्याला पक्ष सोडून सत्तेकडे जायचे असेल त्यालाही ती पाळता येते, कारण २०१७ आणि २०१९ मध्ये तिघांनी ती पाळून दाखवली आहे. अपक्षांना आणि छोट्या पक्षांनाही हाच प्रश्न थोड्या फरकाने. २०२२ मध्ये तृणमूल काँग्रेसशी युती करून भाजपविरोधात मते मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने निकालानंतर भाजपला पाठिंबा दिला. तीन अपक्षांनीही दिला. त्यांनी पक्ष बदलला नव्हता, कायदा मोडला नव्हता. तरी त्यांची शिफारस करणाऱ्याला घरी जाऊन जे ऐकावे लागले असेल ते माझ्यापेक्षा फारसे वेगळे नसेल. म्हणून त्यांना विचारायचे ते असे की, बहुमत कोणालाच न मिळाल्यास कोणाबरोबर जाणार ते मतदानाआधी सांगाल का?

हा प्रश्न मी विचारायला लागलो आहे. गेल्या चतुर्थीला गावी गेलो असता दोन इच्छुक उमेदवार वेगवेगळ्या दिवशी माटोळी पाहण्याच्या निमित्ताने घरी येऊन गेले. पहिला मनमोकळा हसला आणि म्हणाला की पत्रकार मंडळी फार पुढचे बोलतात. दुसऱ्याने तो निर्णय पक्षश्रेष्ठींचा असल्याचे सांगितले. काकी आत नेवऱ्या तळत होती, तिने दोन्ही उत्तरे ऐकली. दोघेही गेल्यावर ती बाहेर आली आणि मला म्हणाली की हे सगळे ठीक आहे, पण नाव कोणाचे ते अजून तू सांगितलेच नाहीस. निवृत्त मास्तर ओसरीवर बसले होते. या वेळी आपण कोणालाच विचारणार नाही, असे त्यांनी मला केव्हाच सांगून टाकले आहे. मामेबहीण आता पुण्याला नोकरी करते. मतदानाला येशील का विचारले, तर म्हणाली, गाडीभाड्याएवढे कारण सापडले तर येईन.